टीव्हीवाले यश पाल आणि देशभरची विद्यापीठं!

थांबा, हातातलं काम बाजूला ठेवा! मला एक माणूस सापडलाय आणि तो तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही!

प्राध्यापक यश पाल. हो, तेच! पांढऱ्याशुभ्र केसांचे, दूरदर्शनवरच्या ‘टर्निंग पॉइंट’मध्ये प्रेक्षकांच्या प्रश्नांना उत्तरं देणारे! गिरीश कार्नाड कार्यक्रम पुढे न्यायचे आणि मग हे गृहस्थ यायचे आणि कुणीतरी कुठून तरी पाठवलेला प्रश्न असा हातात घ्यायचे, जणू तो आज सकाळी त्यांना स्वतःलाच पडलाय. मला ते एवढेच ठाऊक होते. टीव्हीवरचे शास्त्रज्ञ आजोबा. बस!

आणि आता काय काय कळतंय! हा माणूस मुळात विश्वकिरणांचा अभ्यासक, मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमधला, अमेरिकेतल्या एमआयटीतून १९५८ मध्ये डॉक्टरेट घेतलेला. आणि मग १९७३ मध्ये तो सगळं सोडून आपल्या बडोद्याच्या शेजारी अहमदाबादला आला, तिथल्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरचा पहिला संचालक झाला, आणि मग दोन वर्षांत त्याने देशातल्या २,४०० खेड्यांत टीव्ही पोचवला, आणि मग तो दिल्लीला गेला, आणि मग १९८६ मध्ये चक्क विद्यापीठ अनुदान आयोगाचा अध्यक्ष झाला! टीव्हीचं काम करणारा माणूस! देशातल्या सगळ्या विद्यापीठांच्या डोक्यावर! आणि पुढे २००७ ते २०१२ जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचा कुलपती! मी तोंडात बोटच घातलं.

आधीच सांगून टाकते, मी शास्त्रज्ञ नाही. शिक्षणतज्ज्ञ तर नाहीच नाही. उपग्रहातलं मला ओ की ठो कळत नाही. पण गेले काही दिवस मी मिळेल ते वाचतेय, भेटेल त्याला पकडून विचारतेय, आणि आता तुम्ही सापडलात. तर चला!

आधी त्या टीव्हीचं बघू. प्रयोगाचं नाव सॅटेलाइट इन्स्ट्रक्शनल टेलिव्हिजन एक्सपेरिमेंट. लोक त्याला नुसतं ‘साइट’ म्हणायचे. कल्पना विक्रम साराभाईंची. १९६९ मध्ये अमेरिकेच्या नासाशी करार झाला आणि १९७१ च्या डिसेंबरात साराभाई गेले, बावन्नाव्या वर्षी! स्वप्न बघणारा गेला आणि ते पुरं करायचं काम या विश्वकिरणवाल्यांकडे आलं. १ ऑगस्ट १९७५ ला सुरुवात, ३१ जुलै १९७६ ला शेवट. मोजून एक वर्ष, कारण उपग्रह आपला नव्हताच! तो नासाकडून वर्षभरापुरता मागून आणलेला होता, नाव एटीएस-६. त्याचा अँटेना नऊ मीटर व्यासाचा. एवढा मोठा वर कसा नेला? घडी घालून! वर गेल्यावर तो छत्रीसारखा उघडला!

आणि खाली गावात काय होतं, माहितीये? खाली होती कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती तारेची जाळी! खरंच! तीन मीटरची तबकडी, साध्या जाळीची, शाळेच्या किंवा पंचायतीच्या आवारात उभी केलेली. वर अमेरिकेचा त्या काळचा सगळ्यात तगडा दळणवळण उपग्रह आणि खाली खुराड्याची जाळी, आणि दोघांचं जमलं! वरून येणारा संदेश इतका जोरकस होता की खालचा अँटेना स्वस्तातला चालत होता. हे वाचलं आणि मी उठून घरभर फेऱ्या मारायला लागले.

राज्यं सहा: आंध्र, कर्नाटक, बिहार, मध्य प्रदेश, ओरिसा, राजस्थान. मुद्दाम मागासलेले जिल्हे निवडलेले. सकाळी दीड तास शाळकरी मुलांसाठी आणि संध्याकाळी अडीच तास मोठ्यांसाठी. सकाळच्या दीड तासाचे हिंदी, कन्नड, उडिया आणि तेलुगू असे चार वाटे, प्रत्येकाला साडेबावीस मिनिटं. साडेबावीस! त्या अर्ध्या मिनिटावरसुद्धा कुणीतरी डोकं घातलेलं असणार, नाही का? आणि उपग्रहावरून चित्र एकच यायचं पण आवाज दोन पाठवता यायचे, म्हणजे आंध्रातला माणूस आणि कर्नाटकातला माणूस एकाच क्षणी एकच चित्र बघू शकत होते, एकाच्या कानात तेलुगू, दुसऱ्याच्या कन्नड! १९७५ मध्ये!

आता एक तारीख ऐका आणि बसल्या जागी खुर्ची घट्ट धरा. कलकत्त्यात दूरदर्शन केंद्र सुरू झालं ९ ऑगस्ट १९७५ ला. मद्रासमध्ये १५ ऑगस्ट १९७५ ला. आणि ‘साइट’ची सुरुवात? १ ऑगस्ट! म्हणजे ओरिसातल्या खेड्यात टीव्ही आधी आणि कलकत्त्यात नंतर! आठच दिवसांनी का होईना, पण नंतर! आपल्याकडे काहीही नवीन आलं की आधी शहरात मुरतं आणि उरलंसुरलं गावाकडे जातं. इथे रांगच उलटी लावली होती! ही एकच गोष्ट मी तीन-चार जणांना सांगितली आणि प्रत्येकाने मला तारखा पुन्हा विचारल्या.

आणि नुसता टीव्ही लावून हे लोक घरी गेले नाहीत. मानववंशशास्त्राचे अभ्यासक गावांत महिनोन्महिने मुक्कामाला राहिले, कोण बघायला येतं, कोण येत नाही, बायका कुठे बसतात, पोरं काय विचारतात हे सगळं टिपत राहिले. त्या एका वर्षात सुमारे ५०,००० प्राथमिक शिक्षकांना विज्ञान कसं शिकवावं याचं प्रशिक्षणही याच उपग्रहावरून दिलं गेलं. तिकडे कोलंबोत ऑर्थर सी. क्लार्क राहत होते, उपग्रहांवरून दळणवळणाची कल्पना १९४५ मध्ये कागदावर मांडणारे ते विज्ञानलेखक. तर आपल्या लोकांनी जाऊन त्यांच्या घरी एक अँटेना बसवून दिला! ज्याने कल्पना मांडली त्याच्या घरात ती चालू करून दाखवली! अशी माणसं होती ही.

आता आपल्या घराजवळ या. बडोद्याहून अहमदाबादच्या गाडीत बसलं की आणंद जातं, मग नडियाद. या मार्गाने मी आयुष्यभर जातेय, आणंदला खिडकीतून चहा घेतलाय, नडियादला डुलक्या काढल्यात. आणि नडियादजवळच पीज नावाचं गाव आहे आणि तिथे १९७५ मध्ये एक छोटा ट्रान्समीटर उभा राहिला आणि त्याच्यावरून फक्त खेडा जिल्ह्यासाठी टीव्ही चालायचा! एका जिल्ह्यापुरता टीव्ही! ना दिल्लीचा, ना मुंबईचा! यश पालांच्याच केंद्रातली माणसं कार्यक्रम करायची, चरोतरच्या, म्हणजे त्याच भागातल्या बोलीत, तिथल्या जमिनीचे, मजुरीचे, हुंड्याचे, शिवाशिवीचे विषय घेऊन, आणि गावातलीच माणसं त्यात कामं करायची, गावातले लोक कार्यक्रम लिहायला शिकले! १९८४ मध्ये ग्रामीण संवादासाठीचं युनेस्कोचं पारितोषिक या पीजच्या टीव्हीला मिळालं! आमच्या डुलकीच्या स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर!

आणि मी बडोद्याची असल्यामुळे मला हे म्हटल्याशिवाय राहवत नाही की खेड्यापाड्यात चित्रं दाखवून शिकवायची खोड आपल्या मातीत जुनीच आहे. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बोर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल बोलावून आणला, संस्थानभर ग्रंथालयांचं जाळं विणलं, पुस्तकांच्या लाकडी पेट्या गावोगाव फिरवल्या, एवढं आपण शाळेत ऐकलेलं असतं. पण त्या ग्रंथालय खात्याला एक दृश्य शिक्षणाची शाखा होती! जनार्दन सखाराम कुडाळकर त्या खात्याचे प्रमुख, म्हणजे आपलेच मराठी गृहस्थ, आणि त्यांची माणसं मॅजिक लँटर्न आणि सिनेमाची यंत्रं घेऊन गावात जायची, कारण ज्याला वाचता येत नाही त्याला पुस्तकाची पेटी देऊन काय करणार? त्याला चित्र दाखवा! मांडवीजवळच्या आपल्या त्या सेंट्रल लायब्ररीतून हे सगळं हलत होतं! यश पालांनी हे वाचलं होतं असं मी म्हणत नाही. पण पीजचा ट्रान्समीटर आणि कुडाळकरांची मॅजिक लँटर्न एकाच टापूत, साठ वर्षांच्या अंतराने! मला तर आनंदाने ओरडावंसं वाटलं.

बरं. टीव्हीवाला माणूस विद्यापीठांवर बसला, मग पुढे काय? दांडिया बाजारात आमच्या वरच्या मजल्यावर एक काका राहतात, एम. एस. युनिव्हर्सिटीतून निवृत्त झालेले. मी धावत वर गेले.

“काका, यश पाल तुमचे अध्यक्ष होते?”

“होते ना. ८६ ते ९१. नेटची परीक्षा त्यांच्याच वेळी सुरू झाली.”

“आणि तुम्ही कधी बोलला नाहीत!”

“अगं, आम्हाला तेव्हा ग्रँट कधी येते याची काळजी! अध्यक्ष आधी काय करत होता हे कोण बघतंय? पण एक सांगतो, त्या माणसाने आयुका काढलं. ते बघ तू.”

आणि मग मी आयुका बघितलं आणि मला या सगळ्या गोष्टीची किल्लीच सापडली!

आयुका म्हणजे पुणे विद्यापीठाच्या आवारातलं खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकीचं आंतरविद्यापीठ केंद्र. तिथे आपले जयंत नारळीकर होते हे आपल्याला ठाऊक असतं, चार्ल्स कोरियांनी बांधलेली ती देखणी इमारत ठाऊक असते, झाडांखालचे आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन, आइनस्टाइन यांचे पुतळे ठाऊक असतात. पण नारळीकरांना टाटा इन्स्टिट्यूटमधून उचलून पुण्याला आणलं कुणी? यश पालांनी! आयोगाचे अध्यक्ष म्हणून! १९८८ मध्ये संस्था स्थापन झाली आणि नारळीकर २००३ पर्यंत तिचे संचालक राहिले.

आणि ती कशासाठी? इथे नीट लक्ष द्या, कारण मला हेच तुम्हाला सांगायचंय! अडचण अशी होती की चांगली यंत्रं, चांगली ग्रंथालयं, मोठे संगणक हे सगळं संशोधन संस्थांत, आणि विद्यार्थी सगळे विद्यापीठांत. एखाद्या गावातल्या कॉलेजातल्या भौतिकशास्त्राच्या मास्तरला ताऱ्यांवर काम करायची कितीही हौस असली तरी त्याच्या कॉलेजाला दुर्बीण परवडणार नाही, परदेशी नियतकालिकं परवडणार नाहीत. प्रत्येक विद्यापीठाला वेगळं वेगळं द्यायला पैसा नाही. मग काय करायचं? एक उत्तम केंद्र काढायचं आणि ते सगळ्यांचं करायचं! मास्तरने सुट्टीत यावं, राहावं, जेवावं, ग्रंथालयात बसावं, संगणक वापरावा, आपापल्या गावी परत जावं आणि पुढच्या सुट्टीत पुन्हा यावं!

दिसलं का तुम्हाला? दिसलं ना? घरटी टीव्ही परवडत नाही म्हणून गावाला एक, आणि सगळ्यांनी मिळून बघायचा. कॉलेजला दुर्बीण परवडत नाही म्हणून देशाला एक केंद्र, आणि सगळ्यांनी मिळून वापरायचं. तोच माणूस! तेच डोकं! त्याने धंदा बदललाच नाही! मला वाटतं, खेड्यांत ते वर्ष घालवलं नसतं तर आयोगाच्या त्या खुर्चीत बसून त्यांना हे इतकं स्वच्छ दिसलं नसतं. हे माझं मत, कुणा जाणकाराचं नाही. पण तुम्हीच सांगा, दुसरं काय म्हणणार?

आणि पुढे बघा! १९९१ मध्ये आयुकाच्याच पंखाखाली ‘इन्फ्लिबनेट’ सुरू झालं, विद्यापीठांची ग्रंथालयं एकमेकांना जोडायचा कार्यक्रम. पुढे ते स्वतंत्र केंद्र झालं आणि आज ते कुठे आहे? गांधीनगरला! आमच्या गुजरातेत! आणि ‘शोधगंगा’ आहे ना, पीएच.डी.चे प्रबंध जिथे फुकट वाचायला मिळतात, जिच्यावर रात्र रात्र पोरं बसलेली असतात, ती यांचीच! माझी भाची तिच्यावरून प्रबंध उतरवून घेत होती आणि मी मागून ओरडले, “अगं, हे यश पालांचं!” ती म्हणाली, “मावशी, मला काम करू दे.”

यश पालांच्या आजूबाजूची माणसंही काय एकेक! एकनाथ चिटणीस. कोल्हापूरचे! साराभाईंचे जुने सहकारी, ‘साइट’च्या कामाचा मोठा भार उचललेले. यश पालांच्या नंतर १९८१ मध्ये अहमदाबादच्या केंद्राचे संचालक हेच झाले, आणि निवृत्त झाल्यावर काय केलं? पुणे विद्यापीठात संवादशास्त्र शिकवायला गेले! पिढ्या घडवल्या! शंभरी गाठून २०२५ मध्ये पुण्यात वारले. आणि किरण कर्णिक! हेही ‘साइट’मधले, अहमदाबादच्या केंद्रातले. यांची गाडी तर उलट्या दिशेने धावली. आधी विद्यापीठांसाठी शैक्षणिक कार्यक्रम करणाऱ्या सीईसी या आंतरविद्यापीठ संस्थेचे संचालक आणि मग १९९५ पासून भारतातल्या डिस्कव्हरी वाहिनीचे प्रमुख! एका छपराखालून निघालेली माणसं, एक टीव्हीतून कॉलेजांकडे आणि एक कॉलेजांतून टीव्हीकडे!

आयोग सुटल्यावर तरी माणूस स्वस्थ बसेल? छे! आर. के. नारायण राज्यसभेत शाळकरी मुलांच्या दप्तरांच्या ओझ्यावर बोलले होते, हो, ‘मालगुडी’वालेच, आणि मग सरकारने समिती नेमली आणि अध्यक्ष कोण? यश पाल! १९९३ चा अहवाल. त्यांचं म्हणणं असं की दप्तराच्या वजनापेक्षा वाईट ओझं आहे ते न समजण्याचं. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याच्या समितीचेही तेच अध्यक्ष. १९९५ च्या ऑक्टोबरात खग्रास सूर्यग्रहण झालं तेव्हा दूरदर्शनवर थेट प्रक्षेपणात समजावून सांगायला पुन्हा तेच.

पण मला सगळ्यात भारी वाटली ती छत्तीसगडची भानगड! २००२ मध्ये तिथल्या सरकारने खासगी विद्यापीठांचा कायदा केला आणि मग बघता बघता शंभरावर विद्यापीठं निघाली, एकूण ११२! काहींना धड इमारत नाही, काहींचा संसार एका खोलीत! आणि सगळी पदव्या द्यायला मोकळी! पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस, आयोगाचा माजी अध्यक्ष, पद्मभूषण, घरी आरामात बसून वर्तमानपत्रात एक लेख लिहिला असता तरी चाललं असतं. हे सर्वोच्च न्यायालयात गेले! स्वतःच्या नावाने याचिका! फेब्रुवारी २००५ मध्ये निकाल लागला, कायद्यातली ती कलमं रद्द झाली, ती विद्यापीठं गेली, आणि तिथे शिकणाऱ्या मुलांचं नुकसान होऊ नये म्हणून त्यांना मान्यताप्राप्त विद्यापीठांशी जोडून घ्यायची सोयही न्यायालयाने सांगितली. आजही कायद्याची पोरं हा खटला ‘प्रोफेसर यशपाल विरुद्ध छत्तीसगड राज्य’ म्हणून शिकतात!

आणि २००९ मध्ये उच्च शिक्षणावरच्या समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांनी काय सुचवावं? विद्यापीठ अनुदान आयोग, तंत्रशिक्षण परिषद असे वेगवेगळे पहारेकरी हवेत कशाला, सगळे मिळून एकच संस्था करा! ज्या खुर्चीवर पाच वर्षं बसले ती खुर्चीच काढून टाका म्हणाले! आयोग अजून आहेच, ते झालं नाही. पण कोण म्हणतं असं? मला तरी दुसरा कुणी आठवत नाही.

२०१३ मध्ये पद्मविभूषण, २४ जुलै २०१७ ला नोएडात निधन, वय नव्वद.

तर आता माझा बेत ऐका. पुण्यात आयुकामध्ये महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुलांसाठी व्याख्यानं होतात, भाचवंडांना घेऊन तिथे जायचंच आहे. पण त्याच्या आधी मला पीज गाठायचंय. नडियादला उतरायचं, रिक्षा करायची, आणि गावात साठी-सत्तरीची माणसं शोधायची. मला त्यांना विचारायचंय की सेट कुठे ठेवला होता, चावी कुणाकडे असायची, लाइट गेली तर काय करायचे, आणि टीव्हीत स्वतःच्या गावचा माणूस पहिल्यांदा बोलताना दिसला तेव्हा तो माणूस सेटसमोर बसलेला होता का! रविवारी सकाळी निघू. पोळ्या-भाजी मी घेते. तुमच्यापैकी कुणाला चरोतरी गुजराती चांगली येत असेल तर आधी कळवा, कारण माझी बडोद्याची गुजराती तिकडे किती चालेल याचा मला भरवसा नाही!